पूर्णा आणि कयाधू : हिंगोली जिल्ह्यांतील एक प्रवास

महाराष्ट्रांतील जिल्ह्यांचीं नांवें घरांतील मुलांकडून म्हणवून घेतलीं, तर हिंगोलीचें नांव बहुधा अगदीं शेवटीं येतें. पुष्कळदां तें राहूनच जातें. यांत मुलांचा फारसा दोष नाहीं. परभणी जिल्ह्याचा उत्तरेकडील भाग वेगळा काढून १ मे १९९९ रोजीं हा जिल्हा करण्यांत आला. म्हणजे वडील मंडळींच्या शाळेंतील नकाशावर तो नव्हताच. औंढ्या नागनाथाची यात्रा करून आलेलीं माणसें आपल्यांत घरोघरीं सांपडतील. परंतु ज्योतिर्लिंगाचें दर्शन झालें, प्रसादाची पुडी पिशवींत पडली, कीं गाडी परत फिरते, आणि ज्या भूमीवर हें देवस्थान उभें आहे ती भूमि पाहावयाची राहून जाते. ती पाहण्यासारखी आहे असें आम्हांस वाटतें, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

हिंगोलीस समुद्र नाहीं, थंड हवेचें ठिकाण नाहीं, प्रसिद्ध किल्ल्यांची रांग नाहीं. येथें पाहावयाचें तें पाणी : तें कोठें सांठतें, कोठून वाहून जातें, कोणाच्या शेतांत शिरतें आणि कोणाच्या बांधापर्यंत पोंचतच नाहीं. हें पाणी डोळे उघडे ठेवून पाहूं लागलें, म्हणजे विधिमंडळांत बसणारा लोकप्रतिनिधि एखाद्या भूभागाचें काय करूं शकतो आणि त्याचें काम कोठें अपुरें पडतें, हेंही हळूहळू उमगूं लागतें. कारण या जिल्ह्याच्या दोन नद्यांच्या कांठीं महाराष्ट्राच्या दोन लोकप्रतिनिधींचें काम मातींत आणि दगडांत उभें आहे. त्यांपैकीं एकाचें नांव मराठवाड्यांत सर्वतोमुखीं आहे. दुसऱ्याचें नांव त्याच्या कामावर राबलेल्या हजारों माणसांनींही कदाचित् ऐकलें नसेल.

प्रथम भूगोल ध्यानांत घ्यावा. हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, औंढा नागनाथ आणि वसमत असे या जिल्ह्याचे पांच तालुके. दक्षिण भागांतून पूर्णा वाहते. अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून जालना, परभणी व हिंगोली या जिल्ह्यांतून ती येते व पुढें गोदावरीस मिळते. उत्तरेच्या सीमेवर पैनगंगा आहे. तिच्या पलीकडे वाशीम आणि यवतमाळ, म्हणजे वऱ्हाड सुरू होतें. या दोन मोठ्या नद्यांच्या मधून कयाधू ही लहान नदी वाशीमकडून येऊन हिंगोली शहरावरून जाते आणि शेवटीं पैनगंगेच्या स्वाधीन होते. पूर्णेच्या कांठीं वसमतकडे काळी, खोल, ओल धरणारी जमीन आहे. कयाधूच्या दोहों बाजूंस मात्र माळ, टेकड्या आणि वीतभर मातीखालीं लागणारा मुरूम. पाऊस दोघींवरही सारखाच पडतो. परंतु एक जमीन तो सांभाळून ठेवते आणि दुसरी चार दिवसांत घालवून बसते.

औंढा हें हिंगोलीहून सुमारें २५ किलोमीटरांवर आहे. बहुतेक यात्रेकरू येथूनच आरंभ करतात, तेव्हां आपणही तसेंच करूं. देवालय हेमाडपंती असून त्याच्या खालच्या भागांवरील शिल्पकाम बारकाईनें पाहण्याजोगें आहे. वरच्या भागाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनीं केला. पिंडी जमिनीच्या पातळींत नाहीं. अरुंद पायऱ्यांनीं खालीं उतरून, वांकून, जवळजवळ बसूनच दर्शन घ्यावें लागतें. नामदेवांसाठीं देऊळ फिरल्याची आख्यायिका येथलीच, आणि विसोबा खेचरांनीं नामदेवांस उपदेश केला तोही याच स्थानीं, असें परंपरा सांगते. या क्षेत्रास दारुकावन म्हणत असत. वन ज्याच्या नांवांतच आहे, त्या क्षेत्राच्या भोंवतालच्या टेकड्यांवर उन्हाळ्यांत नजर टाकली, म्हणजे पुराणांतील वनाचें आणि आजच्या माळाचें अंतर मनांत सलल्यावांचून राहत नाहीं.

औंढा तालुक्यांतच पूर्णेवर सिद्धेश्वर धरण आहे. त्याच नदीवर वरच्या अंगास परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांत येलदरी धरण असून त्याचें पाणी सेनगांव तालुक्याच्या हद्दीपर्यंत पसरलेलें आहे. हीं दोन धरणें मिळून पूर्णा प्रकल्प होतो, आणि त्यांची योजना समजून घेण्यासारखी आहे. येलदरीचा बांध सुमारें ५१ मीटर उंच व सव्वाचार किलोमीटर लांब. हें पाण्याचें कोठार : सुमारें ८१ कोटी घनमीटर उपयुक्त पाणी त्यांत मावतें. सिद्धेश्वरचा बांध उंचीनें कमी, परंतु लांबीनें सहा किलोमीटरांहून अधिक. त्यांत उपयुक्त पाणी येलदरीच्या एक दशांशच मावतें. मग हा दुसरा खटाटोप कशाकरितां? तर येलदरीहून सोडलेलें पाणी नदीच्याच पात्रानें खालीं येतें, सिद्धेश्वरांत विसांवतें, आणि येथून कालव्यांच्या वाटेनें शेतांकडे निघतें. स्वयंपाकघरांत धान्याची कणगी माजघरांत असते आणि रोजच्या वापराचा डबा चुलीजवळ असतो, तसाच हा प्रकार. दोन्ही धरणें १९६८ मध्यें पूर्ण झालीं आणि परभणी, हिंगोली व नांदेड या जिल्ह्यांतील सुमारें ५८ हजार हेक्टर जमीन भिजविण्याची सोय झाली.

येलदरीचें पाणी खालीं येतांना आणखी एक काम करून येतें. धरणाच्या पायथ्याशीं विद्युत्गृह आहे. त्यांत साडेसात मेगावॅटचे तीन संच, म्हणजे एकूण साडेबावीस मेगावॅट वीज निर्माण करण्याची शक्ति आहे. आजच्या मानानें हा आंकडा लहान आहे. परंतु ही वीज तयार करतांना कांहीं जळत नाहीं, धूर निघत नाहीं, राख उरत नाहीं, आणि वीज देऊन झाल्यावर तेंच पाणी खालच्या शेतकऱ्यास मिळतें. पूर्वीचे लेखक जलविद्युतीला पांढरा कोळसा म्हणत. येलदरीस उभें राहिलें म्हणजे त्या शब्दाची यथार्थता पटते. मात्र कोळशाची खाण आणि पाण्याची खाण यांत एक भेद आहे. पाण्याची खाण दरवर्षीं आभाळांतून भरावी लागते, आणि ज्या वर्षीं ती भरत नाहीं त्या वर्षीं यंत्रें स्वस्थ बसतात. अर्थात् मराठवाड्यांत काळ्या कोळशासही पाण्यावांचून गत्यंतर नाहीं. २०१५ च्या अवर्षणांत बीड जिल्ह्यांतील परळीचें औष्णिक वीजकेंद्र पाण्याच्या अभावीं बंद ठेवावें लागलें होतें. सारांश, या प्रदेशांत विजेचा प्रश्न म्हणजेच पाण्याचा प्रश्न होय.

हें ज्यांनीं वेळीं ओळखलें त्यांत शंकरराव चव्हाण यांचें नांव अग्रभागीं आहे. १४ जुलै १९२० रोजीं पैठण येथें त्यांचा जन्म झाला. हैदराबाद संस्थानाच्या मुक्तिसंग्रामांत त्यांनीं भाग घेतला, नांदेडचें नगराध्यक्षपद सांभाळलें, आणि १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला तेव्हां ते उपमंत्री झाले. १९६० मध्यें महाराष्ट्र राज्य झाल्यावर पाटबंधारे व वीज हीं दोन्ही खातीं त्यांच्याकडे आलीं आणि पुढें सुमारें बारा वर्षें त्यांच्याकडेच राहिलीं. एकाच माणसाकडे पाणी आणि वीज दीर्घकाळ राहिल्यामुळें काय होऊं शकतें, याचें उदाहरण म्हणून पूर्णेकडे पाहतां येईल. पूर्णा प्रकल्पाचा आरंभ त्यांच्या पूर्वींचा. पण तो तडीस गेला तो त्यांच्या कारकीर्दींत. पैठणच्या जायकवाडी धरणाचें भूमिपूजन १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें झालें, आणि ते धरण पुरें होऊन २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधींनीं त्याचें लोकार्पण केलें, तेव्हां शंकरराव मुख्यमंत्री होते. शिस्तीच्या कडकपणामुळें लोक त्यांस ‘हेडमास्तर’ म्हणत. तें म्हणण्यांत थट्टा होती, तशी एक कबुलीही होती. कारण धरणाचें काम गोड बोलून होत नाहीं, हिशेब घेऊन होतें.

सिद्धेश्वरहून कालव्याच्या कडेकडेनें वसमतकडे निघालें, म्हणजे थोड्याच अंतरांत देशाचा रंग पालटतो. ज्वारी-कापसाच्या जागीं ऊंस, केळी आणि रुंद पानांचीं हळदीचीं शेतें दिसूं लागतात. आपल्या देवघरांतील करंडा, लग्नांतील हळदीची वाटी आणि रोजच्या भाजीची चिमूट यांसाठीं आपण हळद आणतों. ती कोठून येते, याचा विचार क्वचित् करतों. वसमतच्या हळदीस २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, म्हणजे त्या नांवानें दुसरीकडची हळद विकण्यास कायद्यानें प्रतिबंध झाला. ज्येष्ठ-आषाढांत लागण करावयाची आणि माघ-फाल्गुनांत खणून काढावयाची. मग गड्डे आणि हळकुंडें वेगळीं करून तीं शिजवावयाचीं, उन्हांत वाळवावयाचीं, आणि फिरत्या पिंपांत घालून त्यांस झिलई द्यावयाची. माघांत या बाजूस गेल्यास खळ्यांवर पिवळ्या राशी पडलेल्या असतात आणि वाऱ्यालाही हळदीचा वास येतो. हें पीक आठ-नऊ महिने जमिनींत राहतें. तेव्हां पावसाळा संपल्यावर पाणी नसेल तर तें होणेंच नाहीं. त्या पिवळ्या राशीच्या मुळाशीं सिद्धेश्वरचा दरवाजा आहे.

तथापि कालवा आला म्हणजे सर्वांचें दैन्य फिटलें, असें समजण्याचें कारण नाहीं. चारीच्या तोंडाशीं ज्याचें शेत, त्यास पाणी भरपूर. शेवटीं ज्याचें शेत, त्याच्या पाळीपर्यंत पाणी उरेल याचा भरंवसा नसतो. पाणी थोडक्यांच्या उसांत न मुरतां पुष्कळांच्या शेतांत जावें, या विचारानें शंकररावांच्या दुसऱ्या मुख्यमंत्रिपदाच्या काळांत, १९८७ मध्यें, आठमाही पाणीवाटपाचें धोरण राज्यानें स्वीकारलें. तें सर्वत्र पाळलें गेलें असतें तर आज पुष्कळ तंटे उरले नसते. विहिरीवरून पाणी देणाऱ्याची अडचण निराळीच. शेतीची वीज पुष्कळ ठिकाणीं रात्रींच मिळे, आणि मग ऐन थंडींत, विंचूकाट्याची पर्वा न करतां, घरच्या कर्त्या पुरुषास कंदील घेऊन बांधावर उभें राहावें लागे. तो परत येईपर्यंत घरांत कोणास झोंप नसे. सूर्यप्रकाशापासून वीज करून ती दिवसां शेतीस देण्याची मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना राज्य सरकारनें २०१७ मध्यें हातीं घेतली. या योजनेचें मोल युनिटांत मोजावें तसें त्या घरच्या झोंपेंतही मोजावें.

आणि ज्यांचीं घरें व शेतें येलदरीच्या पोटांत गेलीं, त्यांचें काय? पाण्यावर बोट ठेवून आपलें जुनें गांव दाखविणारीं माणसें प्रत्येक धरणाच्या कांठीं भेटतात. प्रकल्पामुळें विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रांत झाला तो १९७६ मध्यें. मुख्यमंत्री शंकररावच होते, आणि हा कायदा त्यांच्या काळास भूषणावह आहे, यांत शंका नाहीं. परंतु पूर्णेवरील धरणें १९६८ मध्येंच पुरीं झालीं होतीं. आठ वर्षांचें हें अंतर कागदावर लहान दिसतें. ज्या घरावरून पाणी गेलें त्या घरास तें एक पिढी पुरलें असेल. मोठ्या कामाची थोरवी गातांना हा हिशेब खालीं दाबून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

आतां पूर्णाकांठ सोडून उत्तरेस वळूं. पूर्णा-अकोला लोहमार्गानें किंवा औंढ्याच्या रस्त्यानें हिंगोली शहर गांठतां येतें. निजामशाहींत येथें हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार हीं वस्त्यांचीं नांवें अजून त्या छावणीची साक्ष देतात. फौज गेली, तोफा गेल्या, नांवें मात्र लोकांच्या जिभेवर घर करून राहिलीं. येथील दसरा खाकीबाबा मठाच्या पुढाकारानें सुरू झाला. रावणदहन आणि प्रदर्शन पाहण्यास त्या दिवसांत आसपासचीं खेडीं शहरांत लोटतात. पाहुण्यांचें घर, लेकीचें माहेर, बाजारहाट आणि उत्सव हीं सर्व कामें एकाच फेरींत उरकतात.

हिंगोलीहून जवळच कयाधूच्या कांठीं नर्सी नामदेव हें गांव आहे. संत नामदेवांचें हें जन्मस्थान. त्यांचा जन्म १२७० चा. येथून निघालेला हा भक्त पंजाबांतील घुमानपर्यंत गेला, आणि त्याचीं ६१ पदें शिखांच्या ग्रंथसाहिबांत मानानें विराजमान झालीं. म्हणूनच या लहान गांवीं वारकऱ्यांच्या दिंड्यांबरोबर पंजाबकडील यात्रेकरूही येतात आणि एकाच नदीच्या घाटावर पाय धुतात. परंतु हे पाय धुण्यास नदींत पाणी असेल तर! श्रावण-भाद्रपदांत दुथडी भरून जाणारी कयाधू माघापर्यंत क्षीण होते, आणि चैत्रांत तिच्या पात्रांत वाळू, दगड आणि मधून मधून उरलेले डोह एवढेंच शिल्लक राहतें. येथें वाचक विचारील, जवळच येलदरी आणि सिद्धेश्वर भरलेलीं असतां कयाधूकांठ कोरडा कां? उत्तर अगदीं सोपें आहे. कालव्याचें पाणी उतार पाहून जातें. तें टेकडी चढून उलट दिशेनें येत नाहीं. नदी एका जिल्ह्यांत असली, म्हणून तिचें पाणी जिल्ह्याच्या सर्व अंगांस मिळतें असें नव्हे.

मोठ्या धरणाचा हात जेथें पोंचत नाहीं, तेथें कोणी काय करावें, याचें उत्तर दुसऱ्या एका लोकप्रतिनिधीनें दिलें. त्यांचें नांव विठ्ठल सखाराम पागे, सांगली जिल्ह्यांतील तासगांवकडील गृहस्थ. १९६० पासून १९७८ पर्यंत ते महाराष्ट्र विधानपरिषदेचे सभापति होते. सभापतीचें काम सभागृहांत शांतता राखण्याचें. परंतु पागे यांच्या डोक्यांत एकच प्रश्न घोळत असे. खेड्यांतील माणसाची काम करण्याची तयारी आहे, आणि खेड्याचीं कामें तर जागोजाग पडलेलीं आहेत; मग माणूस उपाशी कां राहावा? काम मागेल त्यास काम मिळालेंच पाहिजे, आणि तें काम जमिनीची व पाण्याची जोपासना करणारें असलें पाहिजे, ही कल्पना त्यांनीं तासगांव तालुक्यांत प्रथम आजमावून पाहिली आणि मग सरकारपुढें मांडली. तीच रोजगार हमी योजना. १९७२ मध्यें ती राज्याच्या योजनांत आली, आणि त्याच सुमारास महाराष्ट्रावर तो भयंकर दुष्काळ कोसळला, कीं १९७३ च्या उन्हाळ्यांत दुष्काळी कामांवर सुमारें ५० लाख माणसें राबत होतीं. १९७७ मध्यें विधिमंडळानें या हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत तें मिळावें, न मिळाल्यास भत्ता मिळावा, असा हक्क मजुरास मिळाला. पुढें २००५ मध्यें संसदेनें सर्व देशासाठीं रोजगार हमीचा कायदा केला, त्याचें मूळ येथें आहे.

या योजनेस पैसा कोठून आला, हें आपल्या घरांतील प्रत्येक नोकरदारानें जाणून घ्यावें. १९७५ मध्यें राज्यानें व्यवसाय कराचा कायदा केला. पगारदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्याकडून घेतलेला हा कर रोजगार हमीसाठीं खर्चावा आणि तेवढीच रक्कम सरकारनें आपल्या तिजोरींतून घालावी, असें ठरलें. महिन्याच्या पगारपत्रकावर व्यवसाय कराचा जो आंकडा वजा झालेला दिसतो आणि ज्याच्याकडे पाहून आपण कपाळास आठी घालतों, त्या आंकड्याचा जन्म असा झाला. पुण्या-मुंबईच्या पगारांतून वजा झालेल्या पैशांतून मराठवाड्याच्या माळावर दगडांचे बांध उभे राहिले. आपण ते कधीं पाहिले नाहींत, तरी त्यांत आपलीही एक पाटी माती आहे.

कयाधूकांठच्या शिवारांतून पायीं फिरलें, म्हणजे असलें काम ओळखूं येतें. उतारास आडवे काढलेले मातीचे बांध, ओघळींत रचलेल्या दगडांच्या ताली, ओढ्यावरील नालाबांध आणि पाझर तलाव. पाझर तलाव म्हणजे मुद्दाम गळणारें तळें. त्यांतून कालवा निघत नाहीं. तो पाणी हळूहळू जमिनीच्या पोटांत सोडतो, आणि खालच्या अंगाच्या विहिरी दोन-चार महिने अधिक टिकतात. हें काम दिसावयास क्षुद्र, त्याचें उद्‌घाटन करण्यास कोणी मोठें माणूस येत नाहीं, आणि त्यावर नांवाची पाटीही बहुधा नसते. येथें राबणारांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. तान्हें मूल झाडाखालीं झोळींत ठेवून डोक्यावर मातीची पाटी घेणाऱ्या या बायकांनीं महाराष्ट्राचें जलसंधारण केलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. हजेरीपटांत खोटीं नांवें, मजुरीस विलंब, अर्धवट टाकलेलीं कामें हे दोष या योजनेस जडले, हेंही खरें. त्याहून मोठा दोष असा, कीं काम पुरें झाल्यावर त्याकडे पाहणारा कोणी राहिला नाहीं. बांधास भगदाड पडलें तर तें कोणी बुजवावयाचें? तलावांत गाळ सांठला तर तो कोणी काढावयाचा? मजुरीची हमी कायद्यानें दिली. राखणीची हमी कायद्यास देतां आली नाहीं.

वरकरणीं पाहतां शंकररावांचें काम आणि पागे यांचें काम अगदीं भिन्न वाटतें. एकाचें दृष्टीत न मावणारें, दुसऱ्याचें दृष्टीस न पडणारें. परंतु हीं कामें एकमेकांवर अवलंबून आहेत. पाणलोटांतील टेकड्या उघड्या राहिल्या, तर प्रत्येक पावसाबरोबर त्यांची माती धरणाच्या तळाशीं जाऊन बसते. पाण्याची जागा गाळ घेतो, आणि कोट्यवधि रुपयांच्या कोठाराचा तळ वर वर येऊं लागतो. वरच्या माळावरील गरीब शेतकऱ्याचा बांध शाबूत असेल, तर खालच्या हळदकऱ्याचा कालवा वाहील आणि येलदरीचे संच फिरतील. धरणास मंत्री लागतो, अभियंता लागतो, आणि तें एकदां बांधून होतें. बांधास गांव लागतें, आणि तो दरवर्षीं पुन्हां बांधावा लागतो. २००५ मध्यें सिंचनाचें व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोंपविण्याचा कायदाही राज्यानें केला. विधिमंडळाकडून जें होण्यासारखें होतें, त्यांतलें बरेंच झालें आहे. उरलें तें गांवाच्या चावडीवर ठरावयाचें आहे.

हा प्रश्न आतां नव्या रूपानें औंढ्याच्या परिसरांत उभा राहिला आहे. येथील दुधाळा शिवारांत गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्याचें ठरलें असून केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें तिच्यासाठीं २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू काटकोनांत पसरून, कोट्यवधि वर्षांपूर्वीं दूरच्या विश्वांत झालेल्या आघातांचा सूक्ष्म कंप त्यांत टिपावयाचा. असलीं यंत्रें अमेरिकेंत दोन ठिकाणीं आहेत; तिसऱ्यासाठीं हिंगोलीची जमीन निवडली, ती तिच्या शांततेमुळें. जेथें कारखाने नाहींत, मोठी वर्दळ नाहीं, भूमि फारशी थरथरत नाहीं, अशी जागा हवी होती. ज्या मागासलेपणाबद्दल जिल्ह्यानें आजवर खंत केली, तेंच एका परीनें त्याचें भांडवल ठरलें! मात्र येलदरीच्या वेळीं झालेला आठ वर्षांचा उशीर येथें होऊं नये. जगाचें ज्ञान वाढेल तेव्हां दुधाळ्याच्या मुलांच्या शाळेंतही त्यांतलें कांहीं यावें, आणि वेधशाळेच्या भोंवतालच्या टेकड्यांवर दारुकावनाचें नांव सार्थ करणारीं झाडें वाढावींत, एवढी अपेक्षा अवास्तव नाहीं.

ज्यांस हा जिल्हा पाहावयाचा असेल, त्यांनीं तो दोनदां पाहावा. एकदां आश्विनांत, जलाशय भरलेले असतां. तेव्हां सिद्धेश्वरच्या बांधावरून दिसणारा सूर्यास्त विसरतां येत नाहीं. दुसऱ्यांदां चैत्रांत, कयाधूचें पात्र उघडें पडलें असतां. पहिल्या भेटींत अभिमान वाटेल, दुसऱ्या भेटींत विचार सुचेल. मुलांस बरोबर न्यावें. देऊळ दाखवावें, धरण दाखवावें, आणि माळावरचा एखादा मोडका नालाबांधही आवर्जून दाखवावा. लोकप्रतिनिधीचें मोठेपण त्याच्या भाषणांवरून किंवा पुतळ्यांवरून ठरविण्याची आपल्यांत फार संवय पडली आहे. तो गेल्यावर पन्नास वर्षांनीं कोणाच्या विहिरीस वैशाखांत पाणी आहे, ही कसोटी मुलांस शिकवितां आली, तर या प्रवासाचा खर्च वसूल झाला असें समजावें.